बॅकअपची डिस्क : फॉरमॅट करताना नेमके काय घडते?

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ मध्ये भूकंपाचे धक्के जाणवू लागले. एक मोठा धक्का आणि त्यामागून काही लहान धक्के, असे त्यांचे नेहमीचे रूप नव्हते. लहान-मध्यम धक्के एकामागून एक, महिनोन्‌महिने येत राहिले. अशा मालिकेला भूकंपशास्त्रात 'स्वॉर्म', म्हणजे धक्क्यांची झुंड, असे म्हणतात. १ फेब्रुवारी २०१९ रोजी झालेल्या धक्क्याची महत्ता ४.१ होती. धुंदलवाडी परिसरातली अनेक कुटुंबे त्या काळात रात्री घराबाहेर झोपत होती; काही ठिकाणी शाळेचे वर्ग उघड्यावर भरवावे लागले. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था आणि राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र यांनी या भागात भूकंपमापके बसवली आणि हजारो धक्क्यांची नोंद झाली.

ही नोंद शेवटी राहते कुठे? संगणकाच्या डिस्कवर. भूकंपमापक जमिनीची हालचाल तीन दिशांनी मोजतो. समजा, प्रत्येक दिशेला सेकंदाला १०० मापे घेतली आणि प्रत्येक माप लिहायला ४ बाइट लागले, तर सेकंदाला १२०० बाइट झाले. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे एका केंद्राची एका दिवसाची नोंद सुमारे १०४ मेगाबाइट आणि वर्षाची सुमारे ३८ गिगाबाइट. ती हरवली तर तो धक्का पुन्हा देण्याची विनंती पृथ्वीला करता येत नाही.

याच गावांतल्या शाळांच्या कपाटात दुसऱ्या प्रकारची नोंद असते. ती म्हणजे जनरल रजिस्टर. मुलाचे नाव, जन्मतारीख, जमात, प्रवेशाचा दिवस एवढाच त्यातला मजकूर. पण वारली, कोकणा, मल्हार कोळी, दुबळा अशा जमातींच्या विद्यार्थ्याला पुढे जात पडताळणीसाठी वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळेतली नोंद दाखवावी लागते. आणि अनुसूचित जमातींच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदीला पुरावा म्हणून विशेष मोल असते. भिंतीला तडा गेला, कौले सरकली आणि त्या पावसाळ्यात कपाटात पाणी शिरले, तर एका पानाबरोबर एखाद्या मुलीचा वैद्यकीय महाविद्यालयातला प्रवेशही भिजू शकतो. अशा पानांची छायाचित्रे घेऊन ती संगणकावर ठेवणे शहाणपणाचे आहे. मूळ रजिस्टर जपायचेच. पण ते नष्ट झाले तर त्यात काय लिहिले होते हे निदान सांगता तरी येईल.

संगणकावरची एकुलती एक प्रतसुद्धा सुरक्षित नसतेच. म्हणून आपण बाहेरून जोडायची डिस्क विकत आणतो. येथे एक प्रश्न बहुधा विचारला जात नाही : ही डिस्क कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे? फाइल किती मोठी मावेल, मध्येच वीज गेली तर काय होईल, दुसऱ्या संगणकावर ती वाचता येईल की नाही, हे सारे त्यावर ठरते. म्हणून आधी फॉरमॅट म्हणजे काय ते पाहू.

कोऱ्या वहीला पृष्ठांक

डिस्कला 'फाइल' हा शब्द ठाऊक नसतो. तिच्या दृष्टीने ती सारख्या मापाच्या असंख्य घरांची रांग असते. या घराला 'सेक्टर' म्हणतात आणि त्यात ५१२ किंवा ४०९६ बाइट मावतात. 'अमुक क्रमांकाच्या घरात हे लिही' आणि 'अमुक क्रमांकाच्या घरात काय आहे ते वाच' या दोनच आज्ञा तिला कळतात. 'इयत्ता चौथी, १९६२' या नावाचे छायाचित्र कोणत्या घरांत आहे हे लक्षात ठेवण्यासाठी वेगळी व्यवस्था लागते. तिला 'फाइल सिस्टीम' म्हणतात. ही व्यवस्था कोऱ्या डिस्कवर मांडणे म्हणजेच फॉरमॅट करणे.

नव्या रजिस्टरचे आपण काय करतो? आधी पृष्ठांक घालतो, पहिली काही पाने अनुक्रमणिकेसाठी राखतो, रकाने आखतो. फॉरमॅट करताना संगणकही तेच करतो. अनेक सेक्टर एकत्र करून तो एक मोठे घर ठरवतो. त्याला 'क्लस्टर' म्हणतात. कोणता क्लस्टर मोकळा, कोणता भरलेला याचा तक्ता तो तयार करतो आणि फाइलींची नावे लिहिण्यासाठी एक रिकामी यादी ठेवतो. एक टेराबाइटच्या डिस्कवर ४ किलोबाइटचा एक असे क्लस्टर पाडले, तर ते सुमारे २४ कोटी ४१ लाख होतात. तक्ता बिघडला, तर मजकूर जागच्या जागी असूनही तो सापडणे कठीण होते.

फॉरमॅटच्याही आधी एक पायरी असते : डिस्कचे विभाग पाडणे, म्हणजे पार्टिशन करणे. सबंध डिस्कचा एकच विभाग केला तरी त्याची नोंद डिस्कच्या सुरुवातीला करावी लागते. ही नोंद करण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या 'एमबीआर' पद्धतीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात. ५१२ बाइटचा सेक्टर धरला, तर अशा क्रमांकांनी सुमारे २.२ टेराबाइटपर्यंतच पोहोचता येते. त्याहून मोठ्या डिस्कसाठी, आणि खरे तर कोणत्याही नव्या डिस्कसाठी, 'जीपीटी' ही नवी पद्धत निवडावी. तिच्यात विभागांच्या नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

येथेच विद्यार्थी हटकून विचारतात ती एक शंका. एक टेराबाइटची म्हणून आणलेली डिस्क विंडोज संगणकावर ९३१ गिगाबाइटचीच दिसते. मग उरलेली जागा गेली कुठे? कुठेच नाही. कारखानदार एक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतो आणि विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट, म्हणजे २ चा तिसावा घात, धरते. भागाकार करून पाहावा.

कोणती फाइल सिस्टीम निवडावी?

शाळेत चार नावे भेटतात.

'फॅट-३२' ही त्यांतली सर्वांत जुनी. तिचे मूळ १९७७ मधले आणि हे रूप १९९६ मधले. जवळजवळ प्रत्येक संगणक, कॅमेरा आणि दूरचित्रवाणी संच ती वाचतो. पण तिच्यात फाइलची लांबी ३२ बिटांत लिहितात. त्यामुळे एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटहून मोठी होऊ शकत नाही. हे चार गिगाबाइट फार वाटतात, पण तसे नाही. वारली लग्नात गाणी म्हणणाऱ्या एखाद्या वृद्ध धवलेरीचे चित्रण सेकंदाला १ कोटी ७० लाख बिट या वेगाने केले, तर साधारण ३४ मिनिटांत ही मर्यादा गाठली जाते. तासाभराचे अखंड चित्रण अशा डिस्कवर उतरतच नाही.

'एक्सफॅट' २००६ मध्ये आली. तिने ही मर्यादा दूर केली. विंडोज, मॅक आणि अलीकडचे लिनक्स या तिन्हींवर ती वाचता आणि लिहिता येते. म्हणून एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइली नेण्यासाठी ती सोयीची. तिचा दोष पुढे येईल.

'एनटीएफएस' ही विंडोज एनटीबरोबर १९९३ मध्ये आली आणि आजही विंडोजची मुख्य व्यवस्था तीच आहे. मॅक संगणक ती वाचतो, पण जादा सोय केल्याशिवाय तिच्यावर लिहीत नाही.

'ईएक्सटी-४' ही लिनक्सची, २००८ मधली. विंडोज ती आपणहून वाचत नाही.

शेवटच्या दोघींत एक महत्त्वाची सोय आहे. तिला 'जर्नल' म्हणतात. आपल्या भाषेत रोजकीर्द म्हणू. तक्त्यात बदल करण्याआधी संगणक काय करणार ते रोजकीर्दीत लिहितो, मग बदल करतो, मग काम झाल्याची खूण करतो. मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू झाल्यावर तो रोजकीर्द वाचतो आणि अर्धवट राहिलेले काम पुरे करतो किंवा रद्द करतो. अर्धी लिहिलेली फाइल याने वाचत नाही, पण तक्ता सुसंगत राहतो आणि बाकीच्या फाइली सुखरूप राहतात. फॅट-३२ आणि एक्सफॅट यांना रोजकीर्द नाही. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावात हा फरक सिद्धांतापुरता उरत नाही.

दुसरा फरक क्लस्टरच्या मापाचा. क्लस्टर एका वेळी एकाच फाइलला दिला जातो. फाइल लहान असली तर उरलेली जागा वाया जाते. समजा, २ किलोबाइटच्या १०,००० लहान फाइली आहेत. मजकूर सुमारे २० मेगाबाइटचा. ४ किलोबाइटच्या क्लस्टरात त्या सुमारे ४० मेगाबाइट जागा घेतील. पण विंडोज एक टेराबाइटची डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करते, तेव्हा सहसा १२८ किलोबाइटचा क्लस्टर ठरवते. मग त्याच फाइलींना सुमारे १२५० मेगाबाइट लागतील. मोठ्या चित्रफितींना याची झळ लागत नाही, लहान फाइलींना लागते.

मराठी नावे देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एनटीएफएस आणि एक्सफॅटमध्ये फाइलचे नाव २५५ चिन्हांचे चालते. ईएक्सटी-४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे आणि तेथे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार ही वेगळी चिन्हे धरली जातात. 'धुंदलवाडी' या नावात अशी ९ चिन्हे, म्हणजे २७ बाइट. तेव्हा लिनक्सच्या डिस्कवर देवनागरी नाव ८५ चिन्हांपलीकडे जाऊ शकत नाही. नावे आटोपशीर ठेवावीत आणि तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आरंभी घालावी; यादी आपोआप कालक्रमाने लागते.

आमचे मत थोडक्यात असे : शाळेत विंडोज असेल तर बॅकअपच्या डिस्कसाठी एनटीएफएस, लिनक्स असेल तर ईएक्सटी-४. ने-आण करण्यासाठी एक्सफॅट केलेली वेगळी डिस्क किंवा पेन ड्राइव्ह ठेवावा. ने-आणीची डिस्क हीच बॅकअपची डिस्क करू नये. जी वस्तू दहा हातांतून जाते ती पडते, हरवते आणि दहा संगणकांचे व्हायरस घेऊन परत येते.

झटपट आणि पूर्ण

फॉरमॅट करताना 'क्विक', म्हणजे झटपट, हा पर्याय दिसतो. झटपट फॉरमॅटमध्ये फक्त नवी अनुक्रमणिका लिहिली जाते. आतली पाने तशीच राहतात. म्हणून ते काही सेकंदांत होते. पूर्ण फॉरमॅटमध्ये विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्या प्रत्येक घरात शून्य लिहितात आणि खराब सेक्टर आढळले तर ते बाजूला ठेवतात. एक टेराबाइटला सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतात. जुन्या यूएसबी २.० जोडणीवर वेग सुमारे ३५ मेगाबाइट मिळतो. तेव्हा जवळजवळ आठ तास.

यातून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला : चुकून झटपट फॉरमॅट झालेल्या फिरत्या चकतीच्या डिस्कवर पुढे काहीही लिहू नये. मजकूर अजून तेथे असतो आणि तो परत मिळण्याची आशा असते. एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये मात्र मोकळी घरे डिस्क स्वतःच साफ करून टाकते, म्हणून तेथे ही आशा फार थोडी. दुसरा : जुनी डिस्क कुणाला देताना झटपट फॉरमॅट पुरेसे नाही. मुलांची नावे, जन्मतारखा आणि जमाती परक्या हाती पडू नयेत, म्हणून पूर्ण फॉरमॅट करावे. नवी फिरती डिस्क आणल्यावरही एकदा पूर्ण फॉरमॅट करावे. तिची तपासणी आपोआप होते.

प्रत्यक्ष कृती

१. ज्या डिस्कवर काम करायचे ती सोडून बाहेरून जोडलेल्या इतर सर्व डिस्का आणि पेन ड्राइव्ह काढून ठेवावेत. भलतीच डिस्क फॉरमॅट होणे हा या कामातला सर्वांत मोठा धोका.

२. डिस्कवर आधीचे काही आहे का ते उघडून पाहावे. असल्यास ते दुसरीकडे उतरवून घ्यावे.

३. विंडोजमध्ये 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. डिस्क ओळखताना ड्राइव्हच्या अक्षरावर विसंबू नये, ते बदलते. डिस्कचे आकारमान आणि नाव पाहावे.

४. डिस्क अगदी नवी आणि कोरी असेल तर 'जीपीटी' निवडून एकच विभाग करावा.

५. फाइल सिस्टीम एनटीएफएस, क्लस्टरचे माप संगणक सुचवील ते. नाव अर्थपूर्ण द्यावे, उदाहरणार्थ 'शाळा बॅकअप १'. तेच नाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहून डिस्कवर चिकटवावे.

६. विद्यार्थ्यांची माहिती असल्यामुळे डिस्कला परवलीच्या शब्दाचे कुलूप घालणे चांगले. विंडोजच्या काही आवृत्त्यांत 'बिटलॉकर' आणि लिनक्समध्ये 'लक्स' ही सोय असते. परवलीचा शब्द आणि बिटलॉकर देते ती सुटकेची किल्ली कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या कुलुपात ठेवावी. ती हरवली तर मजकूर कायमचा गेला.

७. काम झाल्यावर डिस्क 'सुरक्षितपणे काढा' ही आज्ञा देऊनच तार काढावी. पडद्यावर नक्कल पुरी झालेली दिसली, तरी काही मजकूर अजून संगणकाच्या स्मृतीत वाट पाहत असू शकतो.

प्रत कुठे ठेवावी?

फिरत्या डिस्कमध्ये चकती मिनिटाला हजारो फेऱ्या घेते आणि वाचणारे टोक तिच्यावरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. आपला केस त्याच्या हजारो पट जाड असतो. अशा वेळी टेबल हादरले किंवा डिस्क खाली पडली, तर टोक चकतीला घासू शकते. बंद असलेली डिस्क त्यामानाने बराच धक्का सोसते; कारण टोक बाजूला विसावलेले असते. म्हणून काम संपले की डिस्क काढावी, मऊ वेष्टनात आणि कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावी. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत तिच्यासोबत घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी असावी. संगणकाला कायम जोडून ठेवलेली डिस्क आणखी एका कारणाने निरुपयोगी ठरते : फाइली ओलीस धरणारा व्हायरस आला, तर तो जोडलेल्या डिस्कवरच्या प्रतीही बिघडवतो.

या सर्वांवर एक सोपा नियम प्रचलित आहे : ३-२-१. प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या गावी. भूकंपाच्या पट्ट्यात तिसऱ्या आकड्याचे महत्त्व सर्वांत जास्त. शाळेच्या कार्यालयातला संगणक आणि शेजारच्या वर्गातली डिस्क यांवर एकच छप्पर असते. म्हणून एक डिस्क तालुक्याबाहेर, संस्थेच्या दुसऱ्या शाखेत किंवा अशाच भरवशाच्या कार्यालयात ठेवावी आणि सत्रातून एकदा ती अदलाबदल करून ताजी करावी. इंटरनेट चांगले असेल तेथे ही प्रत इंटरनेटवर ठेवता येते. पेन ड्राइव्हवर मात्र दीर्घकाळ विसंबू नये. त्यात मजकूर विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो भार वर्षानुवर्षे नुसता पडून राहिल्यास झिरपत जातो.

आता सर्वांत महत्त्वाचे. डिस्क नीट फॉरमॅट झाली, फाइली उतरल्या, तरी बॅकअप झाला असे म्हणता येत नाही. त्या डिस्कवरून फाइल परत आणून, उघडून पाहिल्यावरच तो झाला. नक्कल करताना एखादी फाइल तुटली असेल, कुलपाचा शब्द चुकीचा लिहिला गेला असेल, निम्मेच फोल्डर उतरले असेल. हे संकटाच्या दिवशी कळून उपयोग नाही. प्रयोगशाळेत आम्ही मोजमापाचे उपकरण आधी ठाऊक असलेल्या वस्तूवर तपासून घेतो आणि मगच त्यावर विश्वास ठेवतो. बॅकअपलाही तोच न्याय लावावा.

वर्गात करण्यासारखे

अ. रिकामा पेन ड्राइव्ह आधी एक्सफॅटमध्ये आणि मग एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. दोन्ही वेळा तीच शंभर लहान फाइलींची घडी उतरवा. फोल्डरच्या माहितीत 'आकार' आणि 'डिस्कवरील आकार' हे दोन आकडे वाचा आणि त्यांतला फरक क्लस्टरच्या मापावरून समजावून सांगा. लहान पेन ड्राइव्हवर क्लस्टर वर सांगितलेल्या मापाहून लहान असेल. तो किती असावा याचा अंदाज या आकड्यांवरून करा.

आ. तुमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरांची एकूण पाने मोजा. एका पानाचे छायाचित्र ४ मेगाबाइटचे धरून लागणारी जागा काढा. ३००० पाने असतील तर १२ गिगाबाइट. म्हणजे बाजारातली सर्वांत लहान डिस्कसुद्धा पुरून उरते.

इ. भूकंपमापकाचा वेग सेकंदाला १०० ऐवजी २०० मापे केला, तर एक टेराबाइटच्या डिस्कवर एका केंद्राची किती वर्षांची नोंद मावेल?

ई. महिन्याच्या पहिल्या शनिवारी एका विद्यार्थ्याने चिठ्ठी उचलून कोणतीही एक फाइल निवडावी. शिक्षकांनी ती बॅकअपच्या डिस्कवरून दुसऱ्या संगणकावर आणून उघडून दाखवावी. रजिस्टरच्या पानांसाठी फाइल निवडायची असेल, तर हे काम कार्यालयात, मुलांसमोर नव्हे, करावे. उघडलेल्या फाइलचे नाव, तारीख आणि उघडणाऱ्याची सही यांची एक साधी वही ठेवावी. या वहीतली शेवटची नोंद किती जुनी आहे, तेवढाच आपला बॅकअप खात्रीचा आहे.